दुखवट्याचा टॉवेल

माझी बायको श्रीदेवी गेली हे मला फोनवर कळलं. टॉवेलांच्या कडा शिवताना ती कारखान्यात मशिनवरच कोसळली. तिला माती देऊन आलो आणि भावकीसमोर छाती ठोकून सांगितलं, "तिच्या दुखवट्यात राजकारण शिरू देणार नाही! बघतोच मी!"

मेहुणी सारजाबाई म्हणाली, "भावजी, इलेक्शन हाय. राजकारण बेल वाजवून येतंय व्हय?"

बेल नव्हतीच. ते टॉवेल घेऊन आलं!

आमच्याकडे घरात कुणी गेलं की पाहुणे घरधन्याच्या खांद्यावर टॉवेल टाकतात. आणि कुणी एखाद्या पॅनलमध्ये शिरलं, तरी टॉवेलच टाकतात. दोन्ही टॉवेल एकाच मागावरचे! फरक एवढाच, की दुखवट्यात फोटो काढत नाहीत.

पहिले आले युनियनचे पुढारी वीरभद्रप्पा. महापालिकेला उभे. त्यांनी माझ्या खांद्यावर लाल टॉवेल टाकला, स्वतःचे डोळे पुसले, आणि मागून फोटो निघाला.

"वीरभद्रप्पा," मी म्हणालो, "श्रीदेवी तुमच्याकडं एकच मागत होती. कारखान्याच्या गल्लीत बायकांसाठी संडास. घरी आली की आधी संडासाकडं धावायची, मग चप्पल काढायची वो! दिवसभर पाणी पीत नव्हती."

"लढा चालू हाय, आप्पा!"

"कुणाशी?"

"मालकांच्या फाउंडेशनशी! ते बांधायला निघाले, आमी काम बंद पाडलं. कामगाराला भीक नको, हक्क पायजे!"

हक्क! दुपारी शेजाऱ्यानं मोबाईल दाखवला. माझा फोटो, खाली मजकूर: 'चनबसप्पांचा वीरभद्रप्पांना जाहीर पाठिंबा!'

तो फोटो बघून फाउंडेशनची गाडी आली. त्यांचे अध्यक्ष शेजारच्या वॉर्डात उभे. गाडीतून फाउंडेशनचं काम बघणाऱ्या सोनम मॅडम उतरल्या आणि त्यांनी लाल टॉवेलावर चादर घातली. टॉवेल पूर्ण झाकेल अशी!

"संडासाचं काय, मॅडम?"

"पैसे मंजूर आहेत, काका. पण आता आचारसंहिता आहे ना!"

"मग ही चादर?"

"ही संवेदना आहे." फोटो निघाला.

वीरभद्रप्पांची माणसं परत पळत आली. "आमच्या माणसावर चादर घालता?" त्यांनी वरून दुसरा टॉवेल टाकला, टोपी घातली, हार घातला. मॅडमनी दुसरी चादर मागवली. सोलापूरच्या उन्हात मी लग्नातल्या गाठोड्यासारखा दारात बसलो होतो. भेटायला आलेल्या स्वामींनी कपाळाला विभूती लावली आणि हळूच विचारलं, "कुठल्या वॉर्डातून?"

मलाच तिकीट मिळालं समजून पलीकडच्या गल्लीतली पोरं पेढे घेऊन आली. "अभिनंदन, आप्पा!" आणि दारात फटाक्यांची माळ लावली. माझी बायको जाऊन चार दिवस झाले नव्हते, आणि दारात फटाके!

सारजाबाईनं पाण्याची बादली माळेवर ओतली. निम्मी मॅडमच्या साडीवर गेली. "काय झालंय ह्या घरात, कळतंय का रे मुडद्यांनो?"

मी सगळं कापड अंगावरून फेकलं आणि ओरडलो, "टॉवेल नको, चादर नको! संडास कोण बांधणार, तेवढं बोला!"

मग दोन्हीकडून एकदम आवाज आला, "आमी!" "आम्ही!"

आणि सगळे कारखान्याच्या गल्लीकडे पळाले. मीही पळालो, वाटलं, झालं काम! एका टोकाला युनियननं कुदळ मारून नारळ फोडला, दुसऱ्या टोकाला फाउंडेशननं. खड्डा मात्र एकच, बंद पाडलेल्या कामाचा. मग भांडण सुरू झालं, बोर्ड कुणाचा लागणार! शेवटी दोन्ही लागले. दोन्हींवर श्रीदेवीचा फोटो, रेशनकार्डावरचा. त्यात ती रागावल्यासारखी दिसते. बरोबरच दिसते.

निवडणूक झाली. वीरभद्रप्पा आणि फाउंडेशनचे अध्यक्ष, दोघंही निवडून आले. परवा सत्काराला एकमेकांच्या अंगावर चादर घालून हसत होते. मला बोलावलं होतं, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. मी गेलो नाही.

दुखवट्यात राजकारण शिरू देणार नाही म्हणालो होतो. सारजाबाई अजून त्यावरून बोलते, आणि मी ऐकून घेतो. आलेल्या टॉवेलांच्या कडा बघितल्या. त्यातल्या काही तिनंच शिवलेल्या असतील.

गल्लीत खड्डा आहे, दोन बोर्ड आहेत. बायका अजून पाणी न पिता शिवतात. संडास झालेला नाही.