पारावरच्या प्रयोगाचं परीक्षण

अमृतने नगरच्या दैनिकात चार वर्षं इमानेइतबारे कांद्याचे भाव लिहिले, पण जीव अडकला होता नाट्यपरीक्षणात. शेवटी संपादकांनी कंटाळून त्याला पाणीबचतीच्या एका पथनाट्याला पाठवलं. परीक्षण जमलं तर दर रविवारी सदर, नाहीतर पुन्हा कांदा, असं बजावलंही.

पारनेर तालुक्यातल्या त्या गावी एसटी उशिरा पोहोचली. पाराभोवती माणसं बसली होती, माइकवर सरपंच होते आणि छबूबाई नावाची एक बाई नळावरून त्यांना उभं-आडवं घेत होती. अमृतने सतरंजीचं टोक धरलं. नेपथ्य नाही, रंगभूषा नाही. नट कोण आणि प्रेक्षक कोण, हेच त्याला कळेना. मध्येच एक म्हातारा उठला, गुरांच्या दवाखान्याबद्दल बोलला आणि खाली बसला. त्याचा कथानकाशी काय संबंध, तेही कळेना. शेवटी सगळ्यांनी एका वहीत सह्या केल्या आणि एकही टाळी न वाजवता घरी गेले. हे फारच आधुनिक असणार, असं ठरवून अमृत भारावून परतला.

परीक्षण छापून आलं. 'छबूबाईंचं काम करणाऱ्या अभिनेत्रीने पाच वर्षं कोरडा पडलेला नळ नुसत्या आवाजातून उभा केला. सरपंचाचं काम मात्र कच्चं. आश्वासन देताना नटाचा स्वतःचाच त्यावर विश्वास दिसत नाही.'

दुपारी पथनाट्यवाल्यांचा फोन आला. त्यांचा टेम्पो वाटेतच बंद पडला होता. ते गावात पोहोचलेच नव्हते. अमृत बघून आला होता ती ग्रामसभा. संपादकांनी डोकं धरलं. सरपंचांची तक्रार नाही असं लेखी आण, नाहीतर सदर विसर, म्हणाले.

बिचारा अमृत माफीचा मसुदा खिशात घालून सरपंच आप्पासाहेबांच्या घरी गेला. त्यांनी चहा पाजला आणि मसुदा बाजूला सारला.

"माफी छापू नका. ते नाटकच हुतं, असं मी गावाला सांगितलंय. नळाचं आश्वासनबी नाटकातलंच."

लगेच त्यांनी लेटरहेडवर तसं आणि आपली तक्रार नाही असं लिहून सही-शिक्काही मारला. अमृतचं सदर बचावलं. पण त्याला आनंद काही होईना, कारण तेवढ्यात खरी छबूबाई दहाबारा बायका आणि रिकामे हंडे घेऊन अंगणात आली होती.

"वाचा बाबा, काय लिवलंय कागदावर," ती अमृतला म्हणाली.

त्याने खाली मान घालून वाचून दाखवलं. छबूबाईने शांतपणे ऐकलं, हंडा पालथा घातला आणि त्यावर बसली.

"नाटक व्हय? मग आमी तालीम करतो. रोज हितंच."

आप्पासाहेबांनी सही केलेल्या कागदाकडे पाहिलं, मग बायकांकडे.

"किती दिस चालायची ही तालीम?"

"शेवटाला पानी दाखवायचं हाय. आलं की थांबू."

आप्पासाहेब आशेने अमृतकडे वळले. तो ओट्यावर मांडी घालून बसला होता. आज सरपंचांचं काम अगदी जिवंत झालं, असं त्याने वहीत पहिलंच वाक्य लिहिलं.