मौजे बोरटेकडीवरील आरोग्यस्वारीची हकीकत

साहेबांची आज्ञा जाहली की, परगणे आष्टी, मौजे बोरटेकडी येथे सरकारची आरोग्यस्वारी कैसी गेली आणि फत्ते कैसी पावली, ते साद्यंत लिहून पाठवणे. त्यावरून आरोग्यखात्याचा कारकून बिभीषण याने, नोकरी आहे म्हणून, लिहिले ऐसे जे.

शके १९४० साली पावसाने पाठ फिरवली, आणि विहिरी आटल्या, आणि मग टँकर हेच गावोगावचे दैवत जाहले. ऐशा समयी, परमुलखी साखर कारखान्यांवर ऊसतोडीस जाणाऱ्या रयतेच्या तब्येतीची फिकीर राजधानीस एकाएकी दाटून आली. मग थंडगार दिवाणखान्यात सात महिने खलबत जाहले, आणि काजू खर्ची पडले, आणि ऊस कोणत्या महिन्यात तुटतो हे कोणी पुसले नाही, कारण ते विषयपत्रिकेत नव्हते. अखेर फर्मान सुटले की, तोडमजुरांची त्यांच्या गावीच तपासणी करणे, आजारी आढळेल त्यास चिठ्ठी देऊन बीडच्या दवाखान्यात मोफत इलाज करविणे, आणि मजूर म्हणजे नवरा-बायकोची जोडी, जीस त्या प्रांती एक कोयता म्हणतात, तीच कागदी धरणे. मुहूर्त पौषातला काढला, कारण मंत्रीसाहेबांस तोच मोकळा होता.

मग सेनानी डॉक्टर उत्तरेश्वर दोन जीपगाड्या, एक मंडप आणि गोळ्यांची अकरा खोकी घेऊन कूच करते जाहले. वाटेत कडा गावी चहाचा मुक्काम पडला. बोरटेकडीस सहकारधुरंधर, सोसायटीचे तहहयात चेअरमन मोहनराव यांनी गावचा टँकर अडवून त्या पाण्याने मंडपापुढे सडा घालविला, आणि मंत्रीसाहेबांनी फीत कापली, आणि मग रोगाने समोर यावे म्हणून फौज तीन प्रहर वाट पाहत बसली.

रोग आला नाही. दिवाळी सरताच सारे कोयते ऊसतोडीस गेलेले, ते पाडव्यास परतायचे. घरोघरी कुलपे होती.

एकटी भिवराबाई मंडपात आली. हिने पंचवीस हंगाम ऊस तोडला. गेल्या हंगामात उसाचे पाते डाव्या डोळ्यात गेले, त्यावर आता पांढरे चढत होते. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिले आणि सांगितले की, महिन्याभरात इलाज जाहला तर डोळा वाचेल, नाहीतर जाईल. मग चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर कोयत्याच्या दोन्ही अंगठ्यांस जागा होती. डॉक्टरांनी नवऱ्यास बोलावण्यास फर्मावले.

बाई म्हणाली, "आश्रुबा वैशाखात वारला, साहेब. मुकादम बी हेच म्हनला, एकटीचा कोयता हुत न्हाई. म्हनून तर मी गावात हाय, अन् म्हनून तर तुमाला घावले."

डॉक्टर मनुष्य वाईट नव्हता. त्याने राजधानीस फोन लाविला, आणि तेथून जबाब आला की, अर्ध्या कोयत्याची तरतूद नाही, धोरण बदलण्यास समिती नेमावी लागेल. बाईस डोकेदुखीच्या गोळ्या देऊन वाटेस लाविले. मी जवळच कागद धरून उभा होतो, ती चिठ्ठी मीच रद्द म्हणून दप्तरी लाविली, त्याची शरम वाटते.

मग अहवाल रवाना जाहला की, मौजे मजकुरी एकही आजारी कोयता आढळला नाही. राजधानीत आनंद जाहला, आणि मोहनरावांस शाल-श्रीफळ जाहले, आणि जेथे आजारच उरला नाही तेथे पुढील साली दवाखान्याची गाडी धाडण्याचे प्रयोजन नाही, ऐसा हुकूम निघाला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. आपले एकही माणूस जाया झाले नाही. फाल्गुनात भिवराबाईचा डावा डोळा गेला, पण बाई कोणत्याच कोयत्यात मोडत नसल्यामुळे सरकारदप्तरी कोणाचाच डोळा गेला नाही. जय लिहिला, मोर्तब केले.