दरवाज्यापाशी सात फ्रेम

चष्मेवाल्यांनी गावाचा दरवाजा लावला, तोवर लुटारू आत येऊन, कोठार साफ करून बाहेरसुद्धा पडले होते. दरवाजा मात्र त्यांनी व्यवस्थित लावला. कडीसुद्धा घातली.

"लावला हं, बाई," ते माइकमध्ये म्हणाले.

"उपकार झाले," हेडफोनमधून उत्तर आलं.

गाव खरं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. ते कॉम्प्युटरवरच्या खेळातलं गाव होतं. बारा जण आपापल्या घरी बसून ते राखायचे आणि दर शनिवारी संध्याकाळी पाचला दुसरी कुठली तरी टोळी, तीही अशीच घरोघरी बसलेली, ते लुटायला यायची. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकांवर चष्मे बसवणाऱ्या आपल्या गृहस्थांकडे या गावात दरवाजाची जबाबदारी होती. गावाच्या प्रमुख म्हणजे गणिताच्या एक निवृत्त बाई. त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं, पण त्यांचा आवाज आला की त्रेपन्न वर्षांचे चष्मेवाले खुर्चीत ताठ बसत.

"हा सलग दुसरा शनिवार," बाई म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी दरवाजा वेळेवर लागला नाही, तर तो मी दुसऱ्याला देईन. तुम्ही कोंबड्या राखा."

कोंबड्या राखायचं काम आजवर फक्त एकाला मिळालं होतं, आणि तो तीन दिवसांत खेळ सोडून गेला होता. शिवाय दरवाजा ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच गोष्ट होती, जी कोणी तरी त्यांच्या हाती देऊन नंतर "लावलात ना नीट?" म्हणून बघायला आलं नव्हतं.

चूक त्यांची नव्हती, चित्राची होती. असल्या खेळात पडद्यावरचं चित्र सेकंदाला निदान साठ वेळा बदलावं लागतं, तेव्हा कुठे माणूस चालताना दिसतो. चष्मेवाल्यांचं चित्र दरवाज्यापाशी सेकंदाला सात वेळा बदलत होतं; 'सात फ्रेम' असा आकडाच पडद्यावर येत होता. लुटारू आधी टेकडीवर दिसे, मग एकदम नाकासमोर दिसे, आणि मधला सगळा रस्ता त्यानं कधी कापला ते त्याचं त्यालाच माहीत.

धंद्याच्या सवयीनं चष्मेवाल्यांनी पहिला संशय स्वतःच्या डोळ्यांवर घेतला. दुकानातल्या खुर्चीत बसून त्यांनी समोरचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. सत्तावीस वर्षं तो तक्ता पाठ असल्यामुळे डोळे उत्तम निघाले. मग त्यांनी मेहुण्याला फोन केला.

मेहुणा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि फावल्या वेळात नातेवाइकांना कॉम्प्युटर जोडून द्यायचा. हे मशीनही त्यानंच जोडलेलं, एकेक भाग निवडून. त्यामुळे तक्रार त्याला थेट घराण्यावर आल्यासारखी वाटली.

"भाऊजी, मशीनला नावं ठेवायची नाहीत," हत्यारांची पिशवी टेबलावर आपटत तो म्हणाला. "या मशीनवर चार खेळ एकाच वेळी चालतील."

"मला एकच हवाय रे. पण चालणारा."

तीन संध्याकाळी मेहुणा मशीनला चिकटून बसला. त्यानं डबा उघडून धूळ शोधली, ती नव्हती. वायरी उलटसुलट लावून पाहिल्या. चित्र काढणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, नवा घातला, मग नवा काढून जुना घातला. शेवटी खेळातलं चित्र इतकं साधं करून टाकलं, की झाडांची पानं गेली, माणसांची नाकं गेली आणि बाकी उरलेल्या गावात सगळे बिननाकाचे हिंडायला लागले. आकडा सातच. डबा उघडा ठेवून शेजारच्यांकडून आणलेला टेबलफॅन त्यावर सोडला, तेव्हा चष्मेवाल्यांना सर्दी झाली आणि आकडा आठ झाला. मेहुण्यानं तो आठ सगळ्यांना बोलावून दाखवला. सगळे येईपर्यंत पुन्हा सात झाला होता.

"चालत नसेल तर देऊन टाका ते धूड," बहीण, म्हणजे चष्मेवाल्यांची बायको, दारातून म्हणाली.

ती मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची हेड सिस्टर होती. तिथं टेबलावर लागेल तेवढंच ठेवायचं, बाकी सगळं बाहेर, हा नियम तिनं घरातही आणला होता. चोवीस वर्षांच्या संसारात चष्मेवाल्यांचं एकही जुनं मासिक, एकही रिकामा सुबक डबा, एकही पायमोडकं स्टूल या घरात आठवडाभरही टिकलं नव्हतं. "हे लागणार आहे का?" एवढंच ती विचारायची. उत्तर ऐकायला थांबायची नाही.

चौथ्या संध्याकाळी मेहुणा खेळात उगाच इकडेतिकडे फिरत बसला होता. एकाएकी त्याचा हात थांबला.

"भाऊजी, नदीवर आकडा नव्वद आहे. बाजारात पंच्याऐंशी. दरवाज्यापाशी आलो की सात."

"मग?"

"लिफ्ट सगळ्या मजल्यांवर नीट थांबते आणि एकाच मजल्यावर अडकते, तेव्हा लिफ्ट नाही बघायची. मजला बघायचा. दरवाज्याला लागून ते मोठं घर कुणाचंय?"

"माझंच आहे. साधं घर आहे," चष्मेवाले घाईनं म्हणाले. "तू ड्रायव्हर पुन्हा एकदा बघतोस का?"

पण मेहुण्यानं दार उघडलं होतं. आत जमिनीपासून आढ्यापर्यंत बादल्या होत्या. बादल्यांच्या मागे गाड्यांची मोडकी चाकं, चाकांच्या मागे कंदील, कंदिलांवर टांगलेले घोड्यांचे नाल, आणि पलीकडच्या खोलीत नुसते बूट. पडद्याच्या कोपऱ्यात खेळानंच मोजून ठेवलेला आकडा होता : सहा हजार तीनशे चाळीस वस्तू.

"हे सगळे डाव्या पायाचेच आहेत," बायको बुटांकडे बघत म्हणाली. ती कधी आत येऊन उभी राहिली, कोणाला कळलं नव्हतं.

"उजवे सापडले तर?" चष्मेवाले म्हणाले.

मेहुण्यानं कपाळाला हात लावला. "अहो, या प्रत्येक बादलीची सावली मशीनला दर क्षणाला काढावी लागते. वर तुम्ही बादलीत बादली ठेवलीय. म्हणजे बाहेरच्या बादलीची सावली आतल्या बादलीवर. ताई, माझं मशीन निर्दोष आहे. लिहून घे."

"टाकून द्या सगळं," ताई म्हणाली.

शनिवारी दुपारी तीनला टाकणं सुरू झालं. बायको शेजारी खुर्ची घेऊन बसली, देखरेखीला. एकेक वस्तू उचलायची, खेळ विचारणार 'खरंच टाकायचं?', मग 'हो' म्हणायचं. सेकंदाला सात चित्रांच्या वेगानं हे काम म्हणजे मुंगीनं मेरू पर्वत उकरण्यातलाच प्रकार. त्यात चष्मेवाले प्रत्येक 'हो'च्या आधी उसासा टाकत होते.

"अहो, खोट्या बादल्या आहेत त्या."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "पण या घरात एक कपाट उघडून हे माझं, असं म्हणायला काय ठेवलंयस तू? तिथं मी काही आणलं तर ते दुसऱ्या दिवशी जागेवर असतं. मला बरं वाटतं गं. बस, एवढंच."

चष्मेवाल्यांनी आणखी एक कंदील टाकला. पाच वाजले, तेव्हा दोनशे बारा वस्तू गेल्या होत्या आणि आकडा सातावरून सातावर आला होता.

"आले," हेडफोनमधून बाई म्हणाल्या. "दरवाजा."

चष्मेवाल्यांनी बटण दाबलं. दरवाजा हलायच्या आत आठही लुटारू त्यातून आत आले. हेडफोनमध्ये बाईंनी नुसता श्वास सोडला, आणि त्या श्वासात चष्मेवाल्यांना कोंबड्या स्पष्ट ऐकू आल्या.

लुटारू कोठाराकडे धावले. कोठाराची वाट चष्मेवाल्यांच्या घराच्या भिंतीला घासून जात होती. तिथं पोचताच पुढच्या लुटारूनं एक पाय उचलला आणि तो तसाच वर राहिला. मागचा त्याच्यात घुसला. तिसरा तलवार उपसता उपसता थांबला. बघता बघता आठही जण गल्लीत गटागटानं अडकले, आणि शत्रूपक्षाची आरडाओरड सगळ्या गावाला ऐकू यायला लागली.

"माझं बंद पडलं का रे?"

"माझंपण अडकलंय. कालच नवीन कार्ड टाकलंय मी."

"सेटिंग कमी करा, सेटिंग."

आजवर बंद असलेलं घराचं दार टाकाटाकीसाठी आज उघडं राहिलं होतं, त्यामुळे लुटारूंच्या मशीनांनाही आतल्या त्या सहा हजार एकशे अठ्ठावीस वस्तूंच्या सावल्या काढाव्या लागत होत्या. आणि त्यांना त्याची सवय नव्हती. चष्मेवाल्यांना होती. तीन आठवडे ते सात चित्रांतच जगत होते. माणूस दिसतो तिथं हात घालायचा नाही, पुढच्या चित्रात जिथं असेल तिथं घालायचा, हे त्यांच्या बोटांत मुरलं होतं. त्यांनी दोर घेतला आणि दुकानात गिऱ्हाइकाला फ्रेम बसवावी तितक्या सावकाश, एकेका लुटारूला "जरा मान सरळ" म्हणत बांधून ठेवलं. आठव्याला बांधलं तेव्हा पहिल्याचा पाय नुकता जमिनीवर टेकत होता.

"चष्मेवाले," बाईंनी विचारलं, "तुमच्या घरात काय आहे?"

त्यांनी सांगितलं. बादल्यांपासून डाव्या बुटांपर्यंत सगळं सांगितलं. आता लपवून काय उपयोग होता?

"आणि आज किती टाकलंत?"

"दोनशे बारा."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

बायको माइककडे वाकली. "माझ्या," ती म्हणाली.

बाई वर्गाला सांगावं तसं म्हणाल्या, "आजपासून त्या घरातली सुतळीसुद्धा बाहेर जाणार नाही. उलट प्रत्येकानं आपापल्याकडचं भंगार आज रात्रीपर्यंत दरवाज्यावर आणून द्यायचं. दरवाजा यांच्याकडेच राहील."

लगेच कोणी तरी चाळीस मोडक्या हातगाड्या देऊ केल्या. कोणाकडे पिंपं होती, कोणाकडे तीनशे फळ्या. चोवीस वर्षांत चष्मेवाल्यांना कोणी "आणखी आण" म्हटलं नव्हतं. पण घर आधीच आढ्यापर्यंत भरलेलं. हातगाड्या बसवायच्या कुठे? त्यांनी चोरट्या नजरेनं बायकोकडे पाहिलं.

ती पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होती. मग तिनं खुर्ची पुढं ओढली, नवऱ्याचा हात माउसवरून बाजूला सारला आणि म्हणाली, "अशा आडव्या नाही मावायच्या. चाकं काढून वेगळी ठेवू, गाड्या भिंतीला उभ्या. आणि बुटांची खोली कोणी लावलीय अशी? सरका, किती जागा वाया घालवलीय."