वझे सरांची खडूची रेघ

साल २०२३, माझं वय एकाहत्तर. लेकाच्या बँकेतल्या नोकरीपायी लखनौला, इंदिरा नगरात येऊन पडलो होतो. वरच्या मजल्यावरच्या वझे सरांनी पहिल्याच भेटीत मला सांगितलं, "ही भिंत पोकळ आहे."

मी चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. भिंतीवर मूठ हाणून म्हटलं, "नऊ इंची वीट आहे, सर."

"वीट अणूंची. आणि अणू पोकळ!"

सर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. दुसऱ्या दिवशी मला पार्कात नेलं, मधोमध मोहरीचा दाणा ठेवला आणि पार फाटकापर्यंत चालवलं. "तो दाणा म्हणजे अणूचा गाभा. जवळजवळ सगळं वजन त्यात. इलेक्ट्रॉन फिरतायत ते इथे, फाटकापाशी."

"आणि मधे?"

"काही नाही."

"मग मी जमिनीतून खाली का जात नाही?"

"शाबास!" सरांनी भर पार्कात मला मिठीच मारली आणि तासभर समजावलं. मला कळलं नाही, आणि मी मानही डोलावली नाही. चौथी शिकलोय, खोटं शिकलो नाही.

सरांचं पालुपद एकच, "भ्यायचं नाही, मोजायचं." भाजीतलं मीठ, जिन्याच्या पायऱ्या, बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, दोन घोरण्यांमधलं अंतर, सगळं मोजून.

मग एका सकाळी वर गेलो आणि हबकलोच. वहिनी आतल्या खोलीत एकट्या. ताट वेगळं, पेला वेगळा, अंथरूण वेगळं. दारापासून दोन मीटरवर फरशीवर खडूची रेघ.

"रेघेच्या आत नको," सर म्हणाले. "ती आठ-दहा दिवस बाजूला आहे."

माझी आई अशी बाजूला बसायची, गोठ्यालगत, थंडीतसुद्धा. पण वहिनी सदुसष्टच्या! माझं डोकंच फिरलं. "लाज नाही वाटत, सर? या वयात बायकोला विटाळ पाळायला लावता?"

"अहो, ते आयोडीन..."

मी ऐकतोय कसला! खाली येऊन शेजारच्या मिश्राभाभींना सांगून टाकलं, "मास्टर साहब छुआछूत करते हैं." "हाय राम!" म्हणत भाभींनी ते गल्लीभर केलं. रोज संध्याकाळी वहिनींच्या खिडकीखाली गप्पा मारणाऱ्या चौघी बायका, भाभींसकट, यायच्या बंद झाल्या. मास्तरचं तोंड बघायचं नाही, असं ठरलं.

पाचव्या दिवशी सुनेनं डबा देऊन मला बळंच वर पाठवलं. दार उघडंच होतं. सर रेघेवर मांडी घालून बसलेले, पुढ्यात ताट. आत वहिनी, त्यांच्या पुढ्यात ताट. वहिनींनी घास उचलला, की मग सर उचलत.

"थायरॉईडचं औषध आहे हो," सर म्हणाले. "किरणोत्सारी आयोडीन. त्याच्या अणूचा गाभा अस्वस्थ असतो. किरण टाकतो, मग शांत होतो. आठ दिवसांत निम्मे शांत, पुढच्या आठांत उरलेल्यांतले निम्मे. तोवर लांब राहायचं, म्हणजे दुसऱ्याला त्रास नाही. रेघ तिनंच आखायला लावली, माझ्यासाठी."

"म्हणजे विटाळ नव्हे?"

आतून वहिनी हसल्या. "अहो दादा, ते सगळं बंद होऊन सतरा वर्षं झाली!"

डबा रेघेजवळ ठेवून मी निघालो. सर मला जिन्यापर्यंत सोडायला आले. तिथे आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्याकडे तिच्याशी बोलायला विषय तीनच. पहिल्याच दिवशी संपले. संध्याकाळी ती खिडकीत जाऊन बसते, आणि खाली कुणी नसतं. औषधाची भीती नाही हो मला. ती खिडकीत बसली, की भीती वाटते."

खिडकीखाली कुणी नसतं, ते माझ्यामुळे. तसाच उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता मी मिश्राभाभींचं दार वाजवलं आणि जन्मात पहिल्यांदा म्हणालो, "भाभी, मैं ग़लत था. बीमारी की दवा है, छुआछूत नहीं. चलिए, खिड़की पर वो अकेली बैठी हैं." मग उरलेल्या तिघींची दारंही मीच वाजवली.