छपराला हात लावू नये

बोरगव्हाणला वादळ झालं असं सरकारी कागदात कुठंही नाही. कारण त्या साली, म्हणजे त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, परभणी जिल्ह्यात दुष्काळ चालू होता. एक आपत्ती चालू असताना दुसरी चालू करायला वरची मंजुरी लागते आणि वादळानं ती घेतलेली नव्हती. पाऊस पडला नाही तर काय करायचं, याचे हुकूम तलाठ्याच्या कपाटात गळ्यापर्यंत भरले होते. पडला तर काय करायचं, याचा एकही नव्हता.

तरी ते आलं. मृगाच्या जरा आधी, भर दुपारी, मानवतच्या अंगानं आलं.

लिंबाजी मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे ते घाबरले नाहीत. त्यांच्या घराला चार भिंती, भिंतींवर पत्र्याचं छप्पर आणि छपरावर दगड. दगड एकेक करून अंगणात उतरायला लागले तशी मास्तरांनी चऱ्हाट काढलं. एक टोक छपराच्या आडूला, म्हणजे आडव्या लाकडाला, बांधलं आणि दुसरं जात्याला.

"जात्याला कामून बांधायलेत?" त्यांच्या बायकोनं, सरजाबाईनं विचारलं. "बाहीर लिंबाचं झाड हाय की."

"झाड वाऱ्याच्या ताब्यात हाय, जातं आपल्या ताब्यात हाय. आन् जातं उचलायला दोन माणसं लागतात. वाऱ्याला हात कुठंयत?"

मग दोघं नवराबायको आडूला लोंबकळली. घरात बसून वादळ काढायची आपल्याकडं हीच रीत आहे. माणसानं छप्पर धरायचं आणि छपरानं माणसाला. थोडा वेळ दोघांनी एकमेकांना व्यवस्थित धरलं. मग मास्तरांचे पाय जमिनीवरून सुटले. त्यांना खाली ओढायला सरजाबाईनं त्यांचं धोतर धरलं. धोतर आणि छप्पर यातलं एकच राहणार हे लक्षात आल्यावर मास्तरांनी छप्पर सोडलं.

छप्पर सबंध उठलं. खिळा निघाला नाही, आडू मोडला नाही. डब्याचं झाकण काढावं तसं ते निघालं आणि मागोमाग जातं, दोरीला लटकत, लग्नातल्या करवलीसारखं हेलकावे खात गेलं.

मास्तरांची आई सगुणाबाई बाजेवर झोपली होती. तोंडावर पाणी पडलं तशी कूस बदलून म्हणाली, "लिंबाजी, दार लोट रे. वारं यायलंय."

मास्तरांनी बघितलं. दार लोटलेलंच होतं. आतून कडीसुद्धा होती.

छप्पर गल्ली ओलांडून समोरच्या सांबप्पा किराणावाल्यांच्या माळवदावर उतरलं. माळवद म्हणजे मातीचं सपाट धाबं, चारी बाजूंनी कमरेइतका कठडा. त्या चारी कठड्यांवर छप्पर असं टेकलं, की सुतारानं माप घेऊन केलं असतं तरी इतकं जमलं नसतं. जातं मधोमध बसलं, बरोबर सांबप्पांच्या देवघराच्या डोक्यावर.

इथं सांबप्पांची ओळख करून द्यायला हवी. दर बसवजयंतीला ते ओट्यावर उभं राहून 'सगळी माणसं सारखी' या विषयावर भाषण करायचे. मास्तर बौद्ध, म्हणून भाषणाच्या दिवशी त्यांना पहिल्या रांगेत बसवायचे. बाकीचे दिवस साखरेची पुडी मास्तरांच्या पिशवीत वरून, वीतभर अंतरावरून, सोडायचे. सांबप्पांचा उंबरा मास्तरांनी कधी ओलांडला नव्हता. ओलांडू नका असं कुणी म्हणालंही नव्हतं. तो नाजूक प्रश्न छपरानं वरच्या वर मिटवला.

दुसऱ्या दिवशी मास्तर चार दांडगी पोरं घेऊन छप्पर उतरवायला गेले, तर तलाठी बन्सीधरराव आडवे आले.

"मास्तर, पंचनामा झाल्याबिगर छपराला हात लावायचा न्हाई. आता ते छप्पर न्हाई, पुरावा हाय."

"कशाचा पुरावा?"

"तुमच्या घरावर छप्पर न्हाई, याचा."

"मग करा की पंचनामा. तुमी हाव, मी हाव, छप्पर हाय."

"मला दुष्काळापुरता अधिकार हाय. वादळाला तालुक्याचे साहेब लागतात."

"कवा येतील?"

"दुष्काळी खडीच्या कामावर हायत. दुष्काळ सरला की आले म्हणून समजा."

मास्तर सांबप्पांकडं वळले. "अप्पा, तुमी तरी सांगा. मृग तोंडावर आलाय."

रात्रीच पावसाची सर झाली होती आणि सांबप्पांचं माळवद जन्मात पहिल्यांदा गळलं नव्हतं. ते पत्र्याकडं बघत म्हणाले, "सरकारचा हुकूम हाय, मास्तर. आपल्या हातात काय हाय?"

आता पिठाचा प्रश्न आला. गिरणीच्या तारा वादळात तुटल्या होत्या आणि घरातलं जातं माळवदावर होतं. सरजाबाई ज्वारीची पाटी घेऊन सांबप्पांच्या दारात उभी राहिली. तलाठ्यांनी आठवण करून दिली, की जातं दोरीनं पुराव्याला बांधलेलं आहे, सबब तेही पुरावाच आहे, हलवता येणार नाही.

"मी हलवायले कुठं?" सरजाबाई म्हणाली. "फिरवायला चालले."

बन्सीधररावांनी बराच विचार केला. फिरवण्याला मनाई करणारा हुकूम त्यांना आठवेना.

वर जायचा जिना घराच्या आतून, देवघराला लागून होता. सरजाबाईनं एक पाऊल पुढं टाकलं तसे सांबप्पा गल्ल्यावरून उठले, दुकानातली शिडी काढली आणि बाहेरच्या भिंतीला लावली. "हिथून जा, बाई. आत जिन्यात लय आंधार हाय. पडताल बिडताल."

त्यांची बायको नीलम्मा चुलीपासून बोलली, "जिन्यात कवापसून आंधार पडला म्हणं? खिडकी हाय की तिथं."

सांबप्पा हरभऱ्याचं पोतं सरळ करायला लागले. ते सरळच होतं.

मृग लागला. मास्तरांच्या चार भिंतींत गुडघाभर पाणी साठलं. घोर दुष्काळात घरात पाणी असल्याबद्दल तलाठ्यांनी मास्तरांना तोंडी समजही दिली. मग सगुणाबाईनं निर्णय घेतला. "माझं छप्पर जिथं, मी तिथं," म्हणून ती बाजेसकट शिडीवरून वर गेली. बाज वर चढवताना तिच्यावरून उतरायला ती तयार नव्हती, त्यामुळं गावाला अर्धा दिवस काम लागलं. मागून चूल गेली, ट्रंक गेली, मास्तरांचा पृथ्वीचा गोल गेला. पहाटे सांबप्पा पूजेला बसले की वर जातं सुरू व्हायचं आणि सांबप्पांच्या टकलावर माळवदाची माती बारीक बारीक पडायची.

"तलाठी साहेब, त्या जात्याचं काही तरी करा," सांबप्पांनी हात जोडले.

"हात लावायचा न्हाई," बन्सीधरराव म्हणाले. "तुमीच तर हुकूम हाय म्हणत होतात."

साहेब आले ते दिवाळीच्या तोंडावर. आधी मास्तरांच्या चार भिंतींकडं गेले. दार बंद होतं. भिंतींवरून आतलं सगळं दिसत होतं, तरी साहेबांनी रीतसर कडी वाजवली. कुणी उघडलं नाही. मग सगळे शिडीखाली जमले.

"छप्पर कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"वर," मास्तर म्हणाले.

"छप्पर वरच असतं. शाबूत आहे?"

"शाबूत हाय."

"कुटुंब छपराखाली राहतं?"

"राहतंय, साहेब, पण..."

"भिंती? दार?"

"त्यापण शाबूत हायत. पण त्या गल्लीच्या पल्याड हायत."

"मग नुकसान काय झालं, मास्तर? घर पूर्ण आहे. जरा पसरलंय, एवढंच. पसरल्याची भरपाई सरकार देत नाही."

हे मिटल्यावर साहेबांची नजर सांबप्पांवर गेली. "ही माडी कुणाच्या परवानगीनं चढवली?"

"माडी न्हाई, साहेब. ते वादळानं आलंय."

"वादळ या जिल्ह्यात झालेलं नाही. स्वतंत्र शिडी आहे. चूल आहे. जातं बसवलंय. हा विनापरवाना मजला आहे. पाडावा लागेल, खालच्या धाब्यासकट."

सांबप्पा शिडीच्या आडवे उभे राहिले. अशा वेळी माणसाला जे पाठ असतं तेच तोंडात येतं. "साहेब," ते म्हणाले, "सगळी माणसं सारखी. मास्तर बौद्ध, आमी लिंगायत, पण आमी कवा भेद केला न्हाई. मास्तर उघड्यावर आले, आमी म्हणलं, या, आमचं घर ते तुमचं घर." आणि मग त्यांनी बसवजयंतीचं भाषण सबंध म्हणून दाखवलं, टाळ्यांसाठी थांबायच्या जागांसकट.

साहेबांची लेखणी थांबली. दर तालुक्यानं समतेचं एक उदाहरण वर पाठवायचं, असा हुकूम उन्हाळ्यातच आला होता. पण दुष्काळामुळं यंदा तेही पीक आलं नव्हतं.

"एका छपराखाली दोन कुटुंबं," साहेब पुटपुटले. "सुंदर."

"साहेब, माझं एकच म्हणणं हाय," मास्तर पुढं झाले. "माझं छप्पर मला द्या. माझ्या भिंती ह्या इथं समोर हायत. चार पोरं लावली तर दुपारपर्यंत काम हुतंय."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं. "मास्तर, तुम्ही शिक्षक. तुम्हीच समतेच्या आड येता? छप्पर काढलं तर उदाहरण कुठं राहतं?"

आणि हुकूम झाला. छपराला हात लावू नये. आधी तो पंचनाम्यापुरता होता, आता कायमचा झाला.

सत्कारही झाला. सांबप्पांना शाल मिळाली, नारळ मिळाला. मास्तरांना पहिल्या रांगेत बसवलं. मधेच सर आली, तेव्हा मंडळी घाईघाईनं माळवदावर गेली आणि उरलेला सत्कार पत्र्याखाली झाला.

"बरं झालं, अप्पा," सरजाबाई म्हणाली. "आमचं छप्पर हुतं म्हणून तुमची शाल भिजली न्हाई."

तेव्हापासून लोक बघायला येतात. पोखर्णीच्या नरसिंहाला जाणारे वाट वाकडी करतात. चारठाण्याची देवळं बघायला निघालेल्या शाळेच्या सहली इथं थांबतात. मास्तरांच्या चार भिंतींत पाहुण्यांच्या सायकली लावतात. आतल्या जिन्यातला अंधार सत्काराच्या दिवशीच गेला. पाहुण्यांना सांबप्पा स्वतः आतून वर नेतात. मास्तर मात्र शिडीनंच चढतात, आता त्यांना सवय झाली म्हणे.

आपणही आला होतात. आठवत असेल. खाली नीलम्मांनी चहा विचारला, तेव्हा आपण म्हणालात, "वर जाऊन येतो, मग घेतो." जिन्यानं वर गेलात, पत्र्याला हात लावलात, 'वा' म्हणालात. एका छपराखाली दोन कुटुंबं, याच्यावर दोन चांगली वाक्यं बोललात. मास्तर मान हलवत होते. तेवढ्यात सरजाबाईनं कपबशी पुढं केली.

"आत्ताच खाली झाला," आपण म्हणालात, आणि घड्याळ बघत जिना उतरलात.

बाजेवर सगुणाबाईला जाग आली. "कोण आलं हुतं रे, लिंबाजी?"

"कुणी न्हाई, माय," मास्तर म्हणाले आणि तो कप स्वतः उचलला. "वारं येऊन गेलं."