एगोन ओबर्ले, वय आठ, एकटा प्रवासी

"झाली बरं का तिकिटं काढून," असं विनफ्रीड ओबर्लेनं जाहीर केलं तेव्हा रोझविता पावाला लोणी लावत होती. ऑग्सबुर्ग ते त्रिएस्ते आणि परत, तीन देश, तीन रेल्वे कंपन्या. प्रत्येक देशातला तुकडा त्याच देशाच्या संकेतस्थळावरून, पाच महिने आधी, पहाटे सहाला उठून. जायचे सहा आणि परतीचे सहा कागद त्यानं टेबलावर पत्त्यांसारखे मांडले.

"आणि एगोनचं?" रोझवितानं विचारलं.

टेबलाखाली झोपलेल्या एगोननं आपलं नाव ऐकून शेपटी आपटली. एगोन म्हणजे अडतीस किलोचा, तपकिरी, केसाळ कुत्रा. एरवी शेजारच्या काकू त्याला सांभाळत. पण ईस्टरला त्यानं त्यांचा अख्खा हॅम गट्ट केल्यापासून त्या कुंपणापलीकडूनच नमस्कार करत होत्या.

विनफ्रीडचा चेहरा उतरला. तीन देशांच्या गाड्या जुळवण्याच्या नादात तो कुत्र्याला साफ विसरला होता.

"हे बघ," रोझविता म्हणाली, "कुत्र्याला गाडीत ने, नाहीतर पाठीवर घे, पण मला पाच वाजायच्या आत त्रिएस्तेच्या नगरपालिकेत पोचव. हानेलोरच्या पहिल्या लग्नाला तुझ्या स्वस्त गाडीपायी आपण केक संपल्यावर पोचलो होतो. चव्वेचाळीस वर्षं ऐकून घेतेय मी ते."

हानेलोर ही तिची थोरली बहीण. एकाहत्तराव्या वर्षी ती लिव्हिओ नावाच्या इटालियन विधुराशी लग्न करत होती. साक्षीदार म्हणून रोझविता सही करणार होती. "तू नसलीस तर मी पेन उचलणार नाही," असं हानेलोरनं फोनवर सांगून ठेवलं होतं, आणि बोलल्याप्रमाणे वागायची तिला वाईट खोड होती.

दुसऱ्या दिवशी विनफ्रीड स्टेशनवर गेला, नंबराचा कागद घेतला आणि चाळीस मिनिटांनी खिडकीशी पोचला. खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर सरकवला.

"कुत्रा मांजरापेक्षा मोठा आहे?"

"बराच."

"मग मुलाचं अर्धं तिकीट. पण इटलीपर्यंतच्या तिकिटाला आमच्या कॉम्प्युटरमध्ये कुत्रा नाहीये. मूल म्हणूनच टाकते. आईवडील सोबत आहेत ना? फुकट येतंय बघा."

"फुकट कसं? कुत्र्याला फुकट नाही."

"अहो, येतंय तर घ्या ना! मागे रांग बघा किती आहे."

पण विनफ्रीडनं छत्तीस वर्षं वजनमापं तपासायच्या सरकारी खात्यात काढली होती. पाच ग्रॅमच्या फरकावरून त्यानं सख्ख्या मेव्हण्याच्या खाटीकखान्याचा काटा सील केला होता. अशा माणसानं फुकटात कुत्रा न्यावा ही कल्पनाच त्याला सहन होईना.

"पैसे भरायचे असतील तर एकच मार्ग आहे," बाई म्हणाल्या. "मूल एकटं प्रवास करतंय असं टाकावं लागेल. मग पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट, आरक्षित जागेसकट."

"टाका."

"नाव?"

"एगोन ओबर्ले."

"वय?"

विनफ्रीडनं खिशातून लसीकरणाचं पुस्तक काढलं आणि जन्मतारीख वाचून दाखवली. बाईंनी ती निमूटपणे लिहून घेतली. त्यांच्या जेवणाची वेळ झाली होती.

लग्नाच्या दिवशी म्युनिकहून गाडी वेळेवर सुटली. विनफ्रीड आणि रोझविता तिसऱ्या डब्यात होते. एगोन तोंडाला मुसकं बांधून त्यांच्या पायाशी पसरला होता. त्याची खिडकीजवळची जागा सातव्या डब्यात रिकामी जात होती, आणि याचं विनफ्रीडला जरा वाईटच वाटत होतं.

अर्ध्या तासानं गाडीत घोषणा झाली. "एकट्यानं प्रवास करणाऱ्या आठ वर्षांच्या एगोन ओबर्ले यानं ताबडतोब आपल्या जागेवर जावं."

विनफ्रीड उठला.

"बस खाली," रोझविता म्हणाली. "कंडक्टर येईल तेव्हा सांगू."

"ताबडतोब म्हणालेत," विनफ्रीड म्हणाला आणि कुत्र्याला घेऊन निघाला.

गाडी खच्चून भरलेली. चार डबे ओलांडायला, बॅगा सरकवायला, दोन लहान मुलींना एगोनला कुरवाळू द्यायला पाऊण तास गेला. तेवढ्यात कंडक्टरबाई दुसऱ्या टोकापर्यंत शोधून परत आल्या. सातव्या डब्यातल्या एगोनच्या चौसष्ट नंबरच्या जागेवर एक कुत्रा बसला होता. गळपट्ट्यात तिकीट खोचलेलं होतं.

"मुलगा कुठाय?"

"हाच तो."

"आजोबा, चेष्टा करताय माझी?"

"मी वजनमापं खात्यात होतो," विनफ्रीड म्हणाला. "आम्ही चेष्टा करत नाही."

त्यानं सगळी हकीकत फुकट तिकिटापासून सांगितली. बाई आधी लाल झाल्या, मग पांढऱ्या. "अहो, मी मूल हरवल्याचं कळवून बसलेय! सरहद्दीवर पोलीस उभे असतील आता!"

उभेच होते. दोन पोलीस, आणि हातात कापडी अस्वल घेतलेली बालकल्याण विभागाची एक बाई. गाडी थांबवण्यात आली. मोठ्या पोलिसानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"समजलं. पण हरवलेल्या मुलाची तक्रार अशी तोंडी बंद होत नाही. मूल प्रत्यक्ष दाखवावं लागतं, आणि फॉर्म भरावा लागतो."

"अगदी बरोबर," विनफ्रीड म्हणाला. फॉर्मच्या बाबतीत त्या दोघांचं लगेच जुळलं. केसांचा रंग तपकिरी. विशेष खूण, डावा कान फाटका. सापडला तेव्हाची मनःस्थिती, शांत. सहा पानं होती. तोवर एगोननं त्या बाईच्या हातातलं अस्वल पंजानं अलगद ओढून घेतलं, आणि ते परत मागायचा कुणाचा जीव झाला नाही.

गाडी निघाली तेव्हा पन्नास मिनिटं उलटली होती. रोझविता वेरोनापर्यंत दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती.

वेरोनाला पुढची गाडी निघून गेली होती. त्यानंतरची फलाटाला लागलेली होती. पोट सुटलेला, मिशाळ इटालियन कंडक्टर दारात उभा होता. विनफ्रीडनं दोन तिकिटं पुढे केली.

"ही त्या गाडीची. ती गेली, तिकिटं गेली."

"पण उशीर मागच्या गाडीला झाला!"

"मागचं तिकीट वेगळं काढलंय ना? मग मागच्याचं मागच्याला विचारा. आणि नवीन देऊ म्हटलं तरी गाडी फुल आहे हो. शेवटची एक जागा राहिलीये, तीही पूर्ण प्रवासाच्या एकाच तिकिटावर गाडी चुकलेल्यांसाठी."

रोझविता बॅगेवर बसली. "चव्वेचाळीस वर्षं," ती म्हणाली. "आणि आता जन्मभर. ती खरंच सही करणार नाही, विनफ्रीड. ती तिथं टोपी घालून बसून राहील." तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्यानं तिला स्टेशनवर रडताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात कंडक्टरचं लक्ष एगोनच्या गळपट्ट्याकडे गेलं. त्यानं तिकीट उपसून वाचलं, मागची बाजूही वाचली.

"हे मात्र पक्कं आहे. ऑग्सबुर्ग ते त्रिएस्ते, एकच तिकीट. उशीर झाला तर पुढच्या गाडीत बसवायला आम्ही बांधील." त्यानं मान हलवली. "पण वय आठ. एवढ्या लहान मुलाला एकटं कसं सोडू? सोबत मोठं माणूस पाहिजे. आई आहे का याची?"

विनफ्रीडनं तोंड उघडलं. "माफ करा, पण वस्तुस्थिती अशी आहे की तो..."

"विनफ्रीड," रोझविता म्हणाली. नुसतं नाव.

आयुष्यात त्यानं खोट्या मापाला कधी मान दिली नव्हती. मेव्हणा अजून त्याच्याशी बोलत नव्हता. त्यानं तोंड मिटलं.

"मीच आई," रोझविता म्हणाली आणि उठली.

"वाटलंच मला. डोळे सारखेच आहेत," कंडक्टर गंभीरपणे म्हणाला आणि तिची बॅग वर घेतली. मग विनफ्रीडकडे वाकून हळूच म्हणाला, "मला काय दिसतंय ते विचारू नका, काका. मी तिकीट वाचतो. तुमच्यासाठी साध्या गाड्या आहेत, तीनदा बदलून."

गाडी हलली. खिडकीत रोझविता बसली होती, तिच्या मांडीवर एगोनचं डोकं आणि त्याच्या पंजात अस्वल. तिनं हात हलवला. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याच्याशिवाय वेळेवर कुठेतरी पोचणार होती.

विनफ्रीड त्रिएस्तेला पोचला तेव्हा सव्वाआठ वाजले होते. लिव्हिओच्या अंगणात लोक नाचत होते. केकच्या ताटात चुरा होता. सही पाच वाजून चार मिनिटांनी झाल्याचं त्याला चार जणांनी वेगवेगळं सांगितलं.

हानेलोर टोपी सावरत आली आणि झाकून ठेवलेली एक बशी त्याच्या हातात दिली. "घे. गेल्या खेपेला ठेवला नव्हता, कारण तू माझ्या बहिणीलाही उशीर करवला होतास. या खेपेला तू एकटाच उशिरा आलास."

विनफ्रीडनं उभ्याउभ्या केक खाल्ला. बऱ्याच दिवसांत इतकं गोड काही त्यानं खाल्लं नव्हतं.

तीन दिवसांनी परतीच्या प्रवासाआधी तो त्रिएस्ते स्टेशनच्या खिडकीशी रांगेत उभा राहिला. त्याची जुनी, पाच महिने आधी घेतलेली सहा स्वस्त परतीची तिकिटं खिशात तशीच होती.

"बोला," खिडकीतला माणूस म्हणाला.

"ऑग्सबुर्ग. एक मुलगा, वय आठ," विनफ्रीड म्हणाला. "आणि त्याच्या सोबतीला दोन मोठी माणसं. सगळं एकाच तिकिटावर."