एकसंध वेल

पाणी घातलं की ते तसंच्या तसं कुंडीच्या बुडातून बशीत आणि बशीतून फरशीवर यायला लागलं, तेव्हा सुनेच्या लक्षात आलं की वेलीला आता घर पुरत नाही. तिनं वाकून पाहिलं. तोकड्या मोज्यातून अंगठा डोकावावा तशी भोकातून मुळं बाहेर आली होती. शेंड्याची नवी पानं आखूड निघत होती आणि बुडाची पिवळी पडत होती.

"बाबा, वेलीची कुंडी बदलू या का?" तिनं सासऱ्यांना विचारलं. "एकच माप मोठी घ्यायची. फार मोठी घेतली की माती ओली राहते, मुळं कुजतात."

"वेलीला हात लावायचा नाही," वर्तमानपत्राच्या आडून उत्तर आलं.

"अहो, पण तिची उपासमार होतेय."

"मीसुद्धा मघापासून चहाविना बसलोय. केली का तक्रार?"

सासरे मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, पण अभिमान होता तो या वेलीचा. दाराशेजारच्या कुंडीतून निघून ती चौकटीवर चढे, तिथून कपाटाच्या माथ्यावर, पुढे घड्याळाला वळसा घालून पडद्याच्या दांडीवरून थेट खिडकीपर्यंत. आलेल्या पाहुण्याला सासरे बोटानं हा सगळा प्रवास घडवत. पाहुण्याचा चहा निवे, पण वेल संपत नसे. शेवटी खिडकीपाशी बोट थांबलं की ते म्हणत, "मुळापासून शेंड्यापर्यंत एकच! कुठे सांधा नाही, जोड नाही. एकसंध!" पाहुणा म्हणे, "वा!" आणि थंड चहा पिऊन टाके.

उद्या तर त्यांचे जुने साहेब खास वेल बघायला येणार होते. नोकरीभर ज्यांनी सासऱ्यांचं एकही काम चूक काढल्याशिवाय सोडलं नाही, ते साहेब. सासऱ्यांनी कालपासून पानं पुसायला घेतली होती. पुसता पुसता दोन पिवळी पानं हातात आली, ती त्यांनी कुणाचं लक्ष नाही असं बघून खिशात घातली. सुनेचं लक्ष होतं. तिला फार वाईट वाटलं. असंच चाललं तर साहेबांसमोर पानं गळणार आणि म्हाताऱ्याची मान खाली जाणार.

दुपारी सासू-सासरे कुणाला तरी भेटायला बाहेर पडले. चिमणी, म्हणजे अडीच वर्षांची लेक, झोपली. सुनेनं गुपचूप आणून ठेवलेली नवी कुंडी बाहेर काढली आणि पदर खोचला.

"तू फक्त वेल धर," तिनं नवऱ्याला स्टुलावर चढवलं. "खाली कुंडी हलली तरी वर ताण यायला नको."

"बाबा मला घराबाहेर काढतील."

"मग आपण दोघं जाऊ. धर नीट."

पाणी घालून माती तिनं सकाळीच मऊ करून ठेवली होती. कुंडी हलकेच कलती केली, बाजूनं थोपटली, कडेनं सुरी फिरवली. पण ढिम्म नाही. मुळांनी कुंडीला आतून असा विळखा घातला होता की कोण कुणाला धरून आहे ते कळेना.

"माझे हात भरून आले," वरून आवाज आला.

"अडीच वर्षं मी तुझी लेक कडेवर घेऊन फिरतेय. पाच मिनिटं एक वेल धरवत नाही?"

शेवटी एकच उपाय उरला. तिनं हातोडी आणली, कुंडीवर फडकं गुंडाळलं आणि बेतानं ठोका दिला. कुंडी फुटली. मुळांचा गड्डा अगदी कुंडीच्या आकाराचा, जसाच्या तसा उभा राहिला. मात्र त्या आवाजानं चिमणी जागी झाली. डोळे चोळत आली, फरशीवरची माती पाहिली आणि तिचा चेहरा उजळला.

"आई, खाऊ?"

"खाऊ नाही राणी, ती माती आहे! टाक. थू कर. थू!"

चिमणीनं आज्ञाधारकपणे थू केलं. मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "आई, शू."

"थांब हं सोन्या, एक मिनिट. हात मातीचे आहेत."

चिमणीच्या वयाला मिनिट नावाचं माप नसतं. सुनेनं घाईघाईनं गड्डा नव्या कुंडीत ठेवला, कडेनं माती सोडायला घेतली.

"आई, शूऽ!"

"आलो, आलो!" म्हणत बाप स्टुलावरून उतरला. लेकीसाठी धावून जाण्याची त्याची सवय चांगलीच होती. फक्त उतरताना हातातली वेल सोडायची राहिली.

कट्‌.

चिमणीचं कामही तेवढ्यात जागच्या जागी उरकलं.

"मी नाही केलं," नवरा म्हणाला. लहानपणापासून या घरात तो हेच म्हणत आला होता.

वेल चौकटीच्या वर तुटली होती. सुनेनं क्षणभर डोळे मिटले. तिला साहेब दिसले, आणि खिडकीकडे निघालेलं सासऱ्यांचं बोट वाटेतच अडकलेलं दिसलं. मग तिनं हात धुतले, लेकीची चड्डी बदलली, फरशी पुसली आणि एक रिकामी काचेची बाटली पाण्यानं भरून स्वतः स्टुलावर चढली. तुटलेलं टोक पाण्यात ठेवायचं, बाटली कपाटाच्या माथ्यावर दडवायची आणि खालच्या बाजूची पानं वरून पसरायची. मुळं फुटतील. कुणाला काही कळायचं नाही.

तिनं कपाटावरची पानं बाजूला केली आणि ती तशीच उभी राहिली.

"काय झालं?" खालून नवऱ्यानं विचारलं.

"इथे जागा नाही."

तिथे आधीच एक बाटली होती. सरबताची, जुनी. आत पांढऱ्या मुळांचं जंजाळ होतं आणि पाणी ताजं, काठोकाठ भरलेलं होतं. वेल इथे कधीच तुटली होती आणि इथूनच पुन्हा सुरू झाली होती.

सासूबाई! सुनेला हसू आवरेना. एवढी वर्षं नवऱ्याचा अभिमान गुपचूप पाणी घालून जगवला बाईनं! तिनं आपली बाटली त्या बाटलीला खेटून ठेवली.

संध्याकाळी सासऱ्यांनी नवी कुंडी पाहिली आणि त्यांचा रंगच उडाला. "वर... वर कुठे हात नाही ना लावलास?"

"नाही हो बाबा. नुसती कुंडी बदलली."

ते बराच वेळ कपाटाकडे पाहत राहिले. ओरडले मात्र नाहीत. सुनेनं सासूबाईंना डोळा मारला.

"डोळ्यात काही गेलं का गं?" सासूबाईंनी विचारलं. "फुंकर घालू?"

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सासऱ्यांनी बोट उचललं. दार झालं, चौकट झाली. कपाटावरून बोट जरा भरभर गेलं, मग घड्याळ झालं. खिडकीपाशी पोचून ते म्हणाले, "एकसंध!"

साहेब "वा" म्हणाले नाहीत. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली. "एकसंध आहे ना? मग मोजू या. कपाटापाशी जरा गर्दी दिसतेय पानांची, तिथून बघतो." आणि या वयातही ते टुणकन स्टुलावर चढले. त्यांचा हात पानांकडे गेला.

"साहेब, चहा निवतोय!"

"साहेब, ते स्टूल मोडकं आहे!"

दोन्ही आवाज एकदम निघाले. पहिला सुनेचा होता. दुसरा सासऱ्यांचा, आणि नुसत्या आवाजावर न थांबता त्यांनी साहेबांच्या कमरेला मिठी मारून त्यांना उचलून खाली ठेवलं होतं. साहेब गोंधळले, मग ओशाळले, मग चहा प्यायले. इतकी काळजी नोकरीत असताना त्यांची कुणीच घेतली नव्हती. जाताना म्हणाले, "वेल उत्तम आहे." चूक काढायची राहूनच गेली.

दार लागलं. सासूबाई कपबशा घेऊन आत गेल्या. सासरे खुर्चीत बसले, वर्तमानपत्र उघडलं आणि त्याच्या आडून हळूच विचारलं, "सूनबाई, तुझ्या किती?"

"एकच, बाबा. कालचीच."

वर्तमानपत्र थोडं खाली आलं.

"माझ्या तीन आहेत," सासरे म्हणाले. "घड्याळामागची तेवढी तू भरत जा. तिथे आता माझा हात पोचत नाही."